२९ आठवड्यांचं बाळ काटोलला नेताना: डोळ्यांची तारीख पुढे ढकलावी का, आणि 'नॉर्मल होईल का'

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर सांगता येईल. बाळ २९व्या आठवड्यात झालं, वजन १२४० ग्रॅम. काही दिवस सीपॅपवर (नाकातून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) होतं, नंतर ऑक्सिजन सुटला. पहिल्या आठवड्यातल्या मेंदूच्या सोनोग्राफीत 'ग्रेड १ रक्तस्राव' लिहिलाय. आज बाळ सहा आठवड्यांचं, १६४० ग्रॅमचं, आणि परवा नागपुरातल्या एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, सुट्टी आहे. दोन आठवड्यांपूर्वी डोळे तपासले, त्या कागदावर 'झोन २, स्टेज १, प्लस नाही, २ आठवड्यांनी' असं आहे. घर काटोलला, मे महिना, पारा ४५ वर. आजी म्हणतात एवढ्या उन्हात लेकराला बाहेर काढू नका. म्हणून तुम्ही विचारताय की डोळ्यांची तपासणी बाळ दोन किलोचं झाल्यावर केली तर चालेल का, आणि बाळ पुढे नॉर्मल होईल ना.

डोळ्यांचं आधी सांगते, कारण ते थांबणारं नाही. दोन किलोपर्यंत थांबणं चालणार नाही. दोन आठवडे म्हणजे दोनच आठवडे, आणि ते याच आठवड्यात भरतायत. सुट्टी होण्याआधी तिथेच डोळे पुन्हा बघून घेता आले तर सर्वांत उत्तम. त्यासाठी सुट्टी एक-दोन दिवस लांबली तरी लांबू द्या.

कारण असं. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे वाढत जातात आणि नऊ महिने भरत येतात तेव्हा कुठे कडेला पोचतात. २९ आठवड्यांच्या बाळात त्या अर्ध्या वाटेवर असतात. जन्मानंतरचा ऑक्सिजन, त्यातले चढउतार, जंतुसंसर्ग, वजन न वाढणं या सगळ्याचा त्यांना फटका बसतो, आणि काही बाळांत त्या सरळ पुढे सरकण्याऐवजी एका जागी दाटी करून वेड्यावाकड्या फुटतात. हाच आरओपी, कमी दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार. तुमच्या कागदावरचा 'झोन २' म्हणजे वाहिन्या मधल्या पट्ट्यापर्यंत पोचल्यात. 'स्टेज १' म्हणजे वाढलेला आणि न वाढलेला भाग यांच्यामध्ये बारीक रेघ दिसतेय. 'प्लस नाही' म्हणजे वाहिन्या फुगलेल्या, नागमोडी झालेल्या नाहीत. हा रिपोर्ट घाबरवणारा नाही. अशी बहुतेक बाळं कुठल्याही उपचाराशिवाय बरी होतात.

गोम आहे ती आठवड्यांत. आरओपी बाळाचं वजन बघून बिघडत नाही, गर्भाचे आठवडे बघून बिघडतो. उपचार लागण्याइतका आजार साधारण ३४ ते ४० आठवड्यांच्या दरम्यान वर येतो. तुमचं बाळ आज २९ अधिक ६, म्हणजे ३५ आठवड्यांचं आहे. रोज २५ ग्रॅम वाढलं तरी दोन किलो व्हायला पंधरा दिवस लागतील, आणि घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात वजन अडखळतंच. म्हणजे 'दोन किलो झाल्यावर' याचा अर्थ ३७-३८ आठवडे, आणि ऐन धोक्याचा काळ तपासणीविना गेलेला. लेझर लागणार असं ठरलं की ते ४८ ते ७२ तासांत करावं लागतं. पडदा सुटला की ऑपरेशन करूनही नजर पुरती हाती लागत नाही. त्यात बाहेरून डोळा स्वच्छच दिसतो, बाळ उजेडाकडे बघतंय असंही वाटतं. बुबुळात पांढरट दिसायला लागलं तेव्हा घरच्यांना कळतं, आणि तोवर वेळ गेलेली असते.

पुढच्या तारखाही अशाच पाळायच्या: दर आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी, डॉक्टर 'वाहिन्या पूर्ण वाढल्या, आता गरज नाही' असं कागदावर लिहीपर्यंत. बहुधा ४० ते ४५ आठवड्यांपर्यंत हे चालतं. 'मागच्या वेळी ठीक होतं' या कारणावर एकही तारीख सोडू नका. डोळ्यात इंजेक्शन द्यायची वेळ आलीच, तर पाठपुरावा आणखी लांबतो हेही लक्षात ठेवा, कारण इंजेक्शननंतर आजार बऱ्याच आठवड्यांनी परत डोकं काढू शकतो.

आजींचा उन्हाचा धाक मात्र खोटा नाही, त्याची सोय करायची. काटोलहून साठेक किलोमीटर येणं. आरओपी बघणारे डोळ्यांचे डॉक्टर सगळीकडे रोज नसतात. मेडिकल, मेयो, डागा, मिहानमधलं एम्स ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं किंवा तुमचं खासगी रुग्णालय, जिथे जाणार तिथे वार आणि वेळ आधी विचारून घ्या आणि सकाळचा पहिला नंबर मागा. पहाटे सहाला निघा. दुचाकी नको, एसटीची गर्दी नको. गाडीचा एसी आधी सुरू करून गाडी थंड झाल्यावर बसा, झोत बाळाकडे वळवू नका. मागच्या सीटवर आईने बाळाला उभं, छातीशी कातडीला कातडी लावून धरायचं. हनुवटी छातीत रुतलेली नको, नाक मोकळं आणि चेहरा दिसता हवा. दर दहा मिनिटांनी ओठांचा रंग बघा. तपासणीच्या आधी तासभर दूध देऊ नका, नाहीतर तपासताना उलटी होऊन श्वासात जायची भीती. बाहुली मोठी करायच्या थेंबांना अर्धा-पाऊण तास लागतो, तोही हिशेबात धरा. तपासणी झाल्यावर लगेच गाडी काढू नका. तासभर तिथेच बसून श्वासाकडे लक्ष ठेवा, दूध पाजा आणि मग निघा.

आता 'नॉर्मल होईल का'. हा एक प्रश्न नाही, निदान पाच आहेत: दिसेल का, ऐकेल का, चालेल का, बोलेल का, शाळेत जमेल का. प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या वयाला मिळतं, म्हणूनच तुमचे डॉक्टर 'आज सांगता येत नाही' म्हणतात. ते टाळाटाळ करत नाहीयेत.

तरी अंदाज हवा असतो, तो देते. फ्रान्समध्ये २०११ साली जन्मलेल्या कमी दिवसांच्या बाळांचा 'एपिपाज-२' हा मोठा अभ्यास आहे. त्यात २७ ते ३१ आठवड्यांना जन्मून वाचलेल्या मुलांत दोन वर्षांच्या वयाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारं अपंगत्व) शंभरात चारेक जणांना होती. २६ आठवड्यांपर्यंतच्या मुलांत ती सातच्या आसपास, ३२ ते ३४ च्या मुलांत एकाच्या. म्हणजे लोक ज्याला घाबरतात ते मोठं अपंगत्व २९ आठवड्यांच्या बाळांत थोड्यांनाच येतं. पण त्याच अभ्यासात पालकांनी भरलेल्या विकासाच्या प्रश्नावलीत २७ ते ३१ आठवड्यांच्या गटातली दहातली चार मुलं कुठल्या ना कुठल्या बाबतीत मागे निघाली. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, चाळणी आहे. तरी 'चालायला लागलं म्हणजे सगळं झालं' असं समजून फॉलो-अप सोडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

फ्रान्सचे आकडे तुमच्या बाळाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. प्रसूतीआधी आईला फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची आणि मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियमची इंजेक्शनं मिळाली का, बाळ पोटात असतानाच मोठ्या रुग्णालयात आलं की जन्मल्यावर ॲम्ब्युलन्समधून, रक्तात जंतुसंसर्ग झाला का, एनईसी, म्हणजे आतडी सुजून त्यांना इजा होण्याचा आजार, झाला का, किती दिवस व्हेंटिलेटर, ३६ आठवड्यांनाही ऑक्सिजन लागतोय का, वजन आणि डोकं कसं वाढलं, या सगळ्यांवर अंदाज वर-खाली होतो. तुम्ही लिहिलंय त्यात व्हेंटिलेटरचा उल्लेख नाही आणि ऑक्सिजन सुटलाय. दोन्ही बाळाच्या बाजूचं आहे. संसर्गाबद्दल लिहिलेलं नाही, ते विचारून घ्या.

ग्रेड १ रक्तस्रावाने झोप उडवून घेऊ नका. तो मेंदूच्या पोकळीच्या कडेला छोट्याशा जागेत असतो आणि विरघळून जातो. एकट्याने तो भविष्य फारसं बदलत नाही. ग्रेड ३ आणि ४ ची गोष्ट वेगळी. पण पहिल्या आठवड्यातली सोनोग्राफी एक गोष्ट दाखवूच शकत नाही: पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या भागाला इजा झाली असेल तर तिथे पडणाऱ्या गाठीवजा पोकळ्या तीन-चार आठवड्यांनंतर दिसतात. याला पीव्हीएल म्हणतात आणि पायांच्या ताठरपणाशी त्याचा जवळचा संबंध आहे. म्हणून ३६ ते ४० आठवड्यांच्या दरम्यान एक सोनोग्राफी पुन्हा लागते. तुमच्या मजकुरात ती दिसत नाही. डोळ्यांसाठी याल त्याच दिवशी होईल का, विचारा. एकाच फेरीत दोन्ही होईल.

कानांचं थोडक्यात. पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला नुसती ओएई तपासणी पुरत नाही, आवाजाचा संदेश नसेतून मेंदूकडे पोचतो का हे बघणारी बेरा किंवा ऑटोमेटेड एबीआर हवी. ओएई फक्त कानाच्या आतला भाग तपासते. तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतला दोष तिच्यातून निसटतो. तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत श्रवणयंत्र, हा नियम आहे. घरी थाळी वाजवून बघू नका. जड आवाजाला दचकणारं बाळ बोलणं ऐकू शकेलच असं नाही.

यापुढचे दोन-तीन महिने सगळ्यात जास्त फरक पडतो तो दुधाने आणि उबेने. १६४० ग्रॅमच्या बाळाला किलोमागे १८० मिलि धरलं तर दिवसाला २९५ मिलि, म्हणजे दर दोन तासांनी साधारण २५ मिलि. अंगावर चोखण्याचं, गिळण्याचं आणि श्वास घेण्याचं तंत्र ३४ आठवड्यांनंतर जुळायला लागतं, म्हणून सुरुवातीला अंगावर पाजून उरलेलं वाटी-चमच्याने किंवा पलाड्याने (चोच असलेल्या छोट्या भांड्याने) द्यावं लागतं. बाटली नको. रात्री उठवून पाजायचं. अशी बाळं भूक लागली तरी रडत नाहीत, झोपून राहतात. वजन रोज २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, उघड्या अंगाने मोजा. दोन वेगवेगळ्या काट्यांमधल्या फरकाने विनाकारण घबराट होते. डोक्याचा घेरही लिहून ठेवा: आठवड्याला अर्धा ते एक सेंटिमीटर ठीक, दीडच्या घरात गेला तर लगेच दाखवा.

दुधात घालायची फॉर्टिफायरची (दुधातली पोषकता वाढवणारी) पावडर लिहून दिली असेल तर पुडीवरच्या मापाने आईच्या दुधातच घालायची. एक पुडी पुरवायला दुप्पट दुधात घालणं किंवा अंदाजाने अर्धी टाकणं, हे दोन्ही होताना दिसतं आणि दोन्ही चुकीचं. काढलेलं दूध फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवा, दारात नको, आणि २४ तासांत संपवा. मे महिन्याच्या नागपुरी गरमीत ओट्यावर ठेवलेल्या दुधाला पुस्तकातले चार तास लावू नका. गाईचं, म्हशीचं दूध, पाणी, मध, घुटी, काहीही नको.

थेंबांच्या बाटल्यांपाशी जरा थांबते, कारण इथली चूक घरात कोणाच्याच लक्षात येत नाही. व्हिटॅमिन डी रोज ४०० युनिट लागतं. बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिटवाली बाटली मिळते आणि ८०० वालीही. पहिली संपली, दुकानदाराने दुसरी दिली, आणि 'एक मिलि' तसंच चालू राहिलं की डोस दुप्पट. लोह किलोमागे रोज २ ते ४ मिलिग्रॅम लागतं, त्याच्या थेंबांचंही हेच. म्हणून कार्डावर 'इतके थेंब' एवढंच लिहिलं असेल तर डॉक्टरांकडून 'इतके मिलिग्रॅम, इतके युनिट' असं लिहून घ्या आणि नवी बाटली आली की लेबल वाचा. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची मोठ्यांची पुडी बाळाच्या औषधांजवळ ठेवूसुद्धा नका.

कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला छातीशी कातडीला कातडी लावून धरणं, घरीही चालू ठेवा, दिवसातून जमेल तितके तास. आठ तासांपेक्षा कमी नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आई थकली की बाबा, आजी, काकू, कोणीही बसू शकतं. २०२१ साली आलेल्या पाच देशांतल्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, एक किलो ते १७९९ ग्रॅमच्या बाळांना जन्मल्याबरोबर कांगारू दिल्याने मृत्यू पाव हिश्शाने कमी झाले. यंत्राशिवाय एवढा परिणाम देणारं आमच्या हातात फार थोडं आहे.

उन्हाळ्यात मात्र उबेचा अतिरेकही होतो. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं. खोली २६ ते २८ अंशांवर ठेवा. कूलर चालेल, फक्त झोत थेट बाळावर नको, खिडकी उघडी हवी आणि टाकीतलं पाणी दर आठवड्याला पूर्ण उपसून टाकी घासायची. त्या पाण्यातले डास डेंग्यू घेऊन येतात. तळपाय गार आणि पोट गरम असेल तर बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गरम, चेहरा लाल, तापमान ३७.८ असेल तर आधी दुपट्याचा एक थर काढा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरी उतरलं नाही तर तो ताप समजा. शेगडी आणि ओव्याची धुरी बंद, कारण या बाळांच्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. टाळूवर तेल थापणं, काजळ, नाकात-कानात तेल नको. बारसं करा, पण चार माणसांत. मुके घेणारी पन्नास माणसं दोन महिन्यांनी आली तरी नातं तुटत नाही.

लसी जन्मतारखेनेच द्यायच्या. बाळ दीड महिन्याचं झालंय, म्हणजे पेंटा, पोलिओ, न्यूमोकोकल, रोटाची वेळ आलेली आहे. 'लहान आहे, नंतर देऊ' असं कोणी म्हटलं तरी मानू नका. बीसीजी दिली का तेही कार्डावर बघा.

विकास मात्र जन्मतारखेने मोजायचा नाही. बाळ ११ आठवडे लवकर आलंय, तेवढे वजा करायचे; उरतं ते सुधारित वय. सहा महिन्यांचं होईल तेव्हा विकासासाठी ते साडेतीन महिन्यांचं. शेजारच्या सहा महिन्यांच्या बाळाशी तुलना केली तर ते मागेच दिसणार. हे वजा करणं दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचं.

या सुधारित वयाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यातली भेट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या वयात निरोगी बाळ उताणं झोपलं असताना हात, पाय, मनगटं, घोटे यांची सतत बारीक, नाजूक वळवळ करत असतं. ती आहे की नाही हे दोन-चार मिनिटांच्या व्हिडिओवरून प्रशिक्षित माणूस सांगू शकतो, आणि हाइन नावाच्या तपासणीत स्नायूंचा ताठरपणा, हालचाली, प्रतिक्षिप्त क्रिया यांना गुण देतात. दोन्ही एकत्र बघितलं तर सेरेब्रल पाल्सीचा धोका चालायच्या वयाच्या कितीतरी आधी कळतो आणि थेरपी तेव्हाच सुरू होते. वर्ष-दीड वर्षाला 'अजून चालत नाही' म्हणून आलेल्या मुलाचा तोच काळ वाया गेलेला असतो. घरी तुम्ही एवढं बघा, सगळं सुधारित वयाने: दोन महिन्यांना चेहरा बघून हसणं, चारपर्यंत मान धरणं, चारनंतर मुठी उघड्या, आठ-नऊपर्यंत आधाराशिवाय बसणं. लंगोट बदलताना मांड्या फाकत नसतील, उभं धरल्यावर पाय कात्रीसारखे होत असतील किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरायला लागलं तर तारखेची वाट न बघता दाखवा. वॉकर आणू नका. खासगीत खर्च झेपत नसेल तर सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात उपचार मोफत आहेत, आणि थेरपीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी, कुठे आहे ते आशाताईंना किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा.

शाळेचं आजच डोक्यात घेऊ नका, पण विसरूही नका. ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांत चष्मा, लक्ष न टिकणं, गणित आणि हस्ताक्षर यांच्या अडचणी इतरांपेक्षा जास्त आढळतात. पहिलीत घालण्याआधी, साधारण पाच वर्षांना, एकदा नीट चाचणी करून घ्या आणि शाळेत लवकर घालायची घाई करू नका.

'सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही' हे तुम्ही शेवटी लिहिलंय, ते निखालस खोटं आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, आठव्या महिन्यातलाही.

घरी नेल्यावर पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका: श्वास वीस सेकंद थांबणं, ओठ निळसर होणं, बरगड्यांखाली खड्डे पडणं, मिनिटाला साठहून जास्त श्वास, तासभर कांगारू देऊनही तापमान ३६.५ च्या वर न येणं, लागोपाठ दोन वेळा दूध न घेणं, हिरवी उलटी, पोट फुगणं, शीमध्ये रक्त. १०८ ला फोन करा, बाळाला छातीशीच धरून निघा, डिस्चार्ज कार्ड आणि डोळ्यांचा कागद बरोबर घ्या आणि वाटेतून एनआयसीयूला कळवा.